थाई निळा चहा: गोकर्णाच्या फुलांचं ‘अंचन’ न बिघडवता कसं करायचं

गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा घरी केला आणि तो मातकट, जांभळट किंवा अगदीच फिका झाला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. फुलंच खराब निघाली असं समजून लोक दुसरं पाकीट मागवतात आणि पुन्हा तेच होतं. बहुतेक वेळा चूक क्रमात असते. फुलं, गवती चहा, आलं, साखर आणि लिंबू असं सगळं एकाच पातेल्यात टाकून आपल्या चहासारखं खळखळून उकळलं, की निळा रंग हातचा गेलाच.

थायलंडमध्ये या पेयाला ‘नाम डोक अंचन’ म्हणतात आणि लिंबू पिळून थंड केलेल्या प्रकाराला ‘नाम अंचन मनाओ’. ‘अंचन’ हे फूल मात्र आपल्याकडे कुंपणावर चढतं तेच: गोकर्ण, शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेशिया. यात चहाची पत्ती नसते, त्यामुळे कॅफिनही नसतं.

पुढचे सगळे टप्पे एकाच गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती आधी सांगते. या फुलातली निळी रंगद्रव्यं (त्यांना टर्नाटिन म्हणतात) आंबटपणा पाहून रंग बदलतात. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. साध्या पाण्यात, म्हणजे पीएच ६ ते ७ च्या आसपास, ती निळी असतात. पीएच ४-५ ला आला की जांभळी होतात आणि ३ च्या खाली गेला की गुलाबी-लाल. उलट पाणी अल्कधर्मी असेल तर निळ्यात हिरवट झाक येते. म्हणजे पातेल्यात पडणारी प्रत्येक वस्तू आंबट आहे का, आणि ती कधी पडते, यावर सगळा रंग ठरतो.

## १. फूल ओळखा

गडद निळ्या फुलाचा वेल हवा. पांढरं गोकर्ण पूजेला चालतं, पण त्यातून निळा रंग येणार नाही. फिक्या जांभळट जातीचा रंगही कमीच उतरतो. एकेरी आणि दुहेरी पाकळ्यांचे दोन्ही प्रकार चालतात. दुहेरीत पाकळ्या जास्त असल्यामुळे एका फुलातून रंगही जास्त मिळतो.

चुका होतात त्या दोन वेलींमुळे. एक म्हणजे निळी मॉर्निंग ग्लोरी. तिचं फूल कर्ण्यासारखं गोल उघडतं, तर गोकर्णाची एक मोठी पाकळी पसरट असते आणि तिच्या बुडाशी पांढरा-पिवळसर डाग असतो. मॉर्निंग ग्लोरी प्यायच्या कामाची नाही. दुसरी वेल सेंट्रोसेमा. रानात, शेताच्या बांधावर ती तणासारखी माजते आणि फुलाची ठेवण इतकी जवळची असते की वाकबगार माणूसही क्षणभर थबकतो. तिचं फूल फिकं जांभळं असतं.

तपासणी: फुलावरून शंका आली तर पान पाहा. गोकर्णाच्या एका पानाला पाच ते नऊ पर्णिका असतात, बहुतेकदा पाच किंवा सात. सेंट्रोसेमाला तीनच.

वाळलेलं पाकीट घेताना नावावर जाऊ नका. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली काही भागांत गोकर्ण विकतात आणि काही भागांत पूर्णपणे वेगळी वनस्पती. पाकिटात अख्खी, गडद निळी, पाकळ्या ओळखू येतील अशी फुलं दिसली पाहिजेत. भुगा झालेला, तपकिरी पडलेला किंवा देठ-पानांनी भरलेला माल घेऊ नका. थायलंडला जाणार असाल तर चियांग माईच्या वारोरोत बाजारासारख्या ठिकाणी वाळवलेली फुलं, औषधी चहा सुटा मिळतो आणि उघडून बघता येतो. आंधळेपणाने पाकीट मागवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

तपासणी: दोन फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात टाका. निळं पाणी आलं की त्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. जांभळं झालं तर रंग फुलाचा आहे. लिंबू घालूनही निळा तसाच ठाम राहिला तर त्यात खाण्याचा कृत्रिम निळा रंग मिसळला असण्याची शक्यता मोठी. तो माल परत करा.

सावधान: फुलबाजारातून पूजेसाठी आणलेली फुलं पिण्यासाठी वापरू नका, आणि निर्माल्यातली तर नकोच. पूजेच्या फुलांवर काय फवारलं आहे ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. रस्त्याकडेच्या कुंपणावरची फुलंही सोडा, त्यांच्यावर धूर बसलेला असतो. घरच्या वेलावर मावा पडला आणि फवारणी केली असेल, तर त्या औषधावर लिहिलेला काळ संपेपर्यंत फुलं तोडू नका.

## २. तोडा, देठ काढा, वाळवा

फूल सकाळी पूर्ण उमललं की तोडायचं. ते एकच दिवस टिकतं. दुपारनंतर पाकळ्या मिटून लिबलिबीत होतात.

मग हिरवी वाटी, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेला निदलपुंज, काढून टाका. एका हाताने वाटी धरायची, दुसऱ्या हाताने पाकळ्या हलकेच पिळून ओढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक लोक टाळतात आणि नंतर पेयाला कच्च्या पालेभाजीसारखा वास येतो म्हणून नाराज होतात. शिवाय वाळवताना हाच भाग सर्वांत शेवटी सुकतो, आणि बरणीत बुरशी लागते ती तिथूनच. हाताशी शेंगा असतील तर त्या बाजूला ठेवा. गोकर्णाचं बी आणि मूळ रेचक आहेत, पेयात त्यांचा एक दाणाही जाता कामा नये.

पाकळ्या झटका, मुंग्या आणि किडे पाहा. चाळणीत घेऊन पाण्यात एकदा बुडवा आणि लगेच निथळा. चोळू नका, भिजत ठेवू नका.

वाळवायच्या असतील तर सावलीत, सुती कापडावर, एकमेकींवर न येता पसरा. वारा खेळता हवा. कडक उन्हात त्या लवकर वाळतात खऱ्या, पण रंग उतरतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सावलीत वाळवायच्या भानगडीत पडू नका. दोन दिवसांत कुबट वास येतो. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला ओव्हन किंवा डिहायड्रेटर वापरा. ओव्हनचं दार जरासं उघडं राहू द्या, वाफ बाहेर पडायला हवी.

तपासणी: पाकळीची टोकं कुरकुरीत झाली म्हणजे वाळवण झालं असं नाही. जाड बूड चिमटीत धरून दाबा. ते कडकन तुटलं पाहिजे. वाकलं तर अजून ओल आहे.

कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर ठेवलेली बरणी सुंदर दिसते, पण काही आठवड्यांत फुलं फिकी पडतात.

## ३. पाणी आणि भांडं

बोअरवेलचं जड पाणी हे फसण्याचं मोठं कारण आहे आणि त्याचा संशय कुणालाच येत नाही. अशा पाण्यात बायकार्बोनेट क्षार असतात. एक तर निळ्याला हिरवट झाक येते. दुसरं म्हणजे पुढे लिंबू घातलं तरी रंग पटकन बदलत नाही, कारण आधी घातलेलं आम्ल ते क्षारच खाऊन टाकतात. मग माणूस अख्खं लिंबू पिळतो आणि पेय पिववत नाही इतकं आंबट होतं. गाळलेलं पिण्याचं पाणी किंवा आरओचं पाणी घ्या. आरओच्या पाण्यात निळा किंचित जांभळ्याकडे झुकला तर घाबरू नका, ते पाणी जरासं आम्लधर्मी असतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनीमातीचं. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं आणि लोखंडी भांडं नको, कारण पुढे यात लिंबू पडणार आहे.

## ४. सुगंधाचं पाणी आधी, फुलांशिवाय

हा टप्पा लोक सर्वांत जास्त चुकवतात, म्हणून इथे जरा थांबते.

अंचनच्या फुलाला स्वतःचा सुगंध जवळजवळ नसतो. चव कोवळ्या शेंगांच्या पाण्यासारखी, सौम्य आणि किंचित मातीसारखी. नुसत्या फुलांचा चहा पिऊन ‘याला काही चवच नाही’ म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. थायलंडमध्ये म्हणूनच त्यात अनेकदा गवती चहा किंवा पांडनचं पान घालतात. पण या दोघांना उकळी लागते, आणि फुलाला उकळी नको असते. तिघांना एकत्र उकळलं की एकाचं तरी नुकसान ठरलेलं.

चार ग्लासांसाठी:

- पाणी ४०० मिली
- गवती चहाचे दोन बुंधे, किंवा पांडनची दोन पानं
- हवं तर आल्याच्या दोन पातळ चकत्या

गवती चहा म्हटल्यावर आपण हिरवी पाती घेतो. थायलंडमध्ये त्याचा खालचा पांढरट, जाडसर बुंधा ठेचून वापरतात. इथे तोच घ्यावा. हिरवी पाती उकळली की पाणी पिवळट-हिरवं होतं, आणि पिवळट पाण्यावर निळा चढला की हिरवट काढा दिसतो. रंग मळकट येण्याच्या निम्म्या तक्रारी मला वाटतं इथेच सुटतील. बुंधा मिळाला नाही तर पाती थोडी घ्या, दोनच मिनिटं उकळा आणि काढून टाका.

पांडन आपल्याकडेही आता बऱ्याच कुंड्यांमध्ये दिसतं. त्याच्या पानाला बासमती भाताचा वास येतो, कारण दोन्हींत सुगंध देणारा घटक एकच आहे. पानाची गाठ मारा आणि तशीच पाण्यात सोडा. वाटू नका, चुरडू नका. हरितद्रव्य उतरून पाणी हिरवं होईल.

पाणी उकळलं की बुंधे किंवा पानं टाकून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. गाळा आणि चोथा पूर्ण काढा.

तपासणी: गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात उजेडाला धरा. ते जवळजवळ रंगहीन असायला हवं. स्पष्ट पिवळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून अर्धं बाजूला काढा. काढलेलं पाणी नेहमीच्या चहाला वापरता येईल.

सावधान: लाल अंबाडीची फुलं या पाण्यात घालू नका. थायलंडमध्ये त्यांचंही लाल सरबत करतात, आपल्या विदर्भातही करतात, आणि ते उत्तम लागतं. पण अंबाडी आंबट आहे. ती पडताक्षणी निळा संपला.

## ५. फुलं: आच बंद केल्यावर

गाळलेलं पाणी पुन्हा उकळीपर्यंत आणा, आच बंद करा, दोन मिनिटं थांबा. आता फुलं घाला आणि झाकण ठेवा.

चार ग्लासांच्या घट्ट अर्कासाठी ४० ते ५० वाळलेली फुलं, म्हणजे सैल भरलेली साधारण एक वाटी. दहा मिनिटं ठेवायची. एकाच कपाचा गरम चहा हवा असेल तर २०० मिली पाण्याला दहा-बारा फुलं आणि पाच मिनिटं.

ताजी फुलं घेतली तर संख्या तेवढीच ठेवा, वजनावर जाऊ नका. ताज्या फुलाचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. ‘वाळलेली पाच ग्रॅम’ असं कुठेतरी वाचून ताजी पाच ग्रॅम घेतली तर पाणी फिकं आकाशी होणारच.

दहा मिनिटांनी पाकळ्यांचा रंग उतरून त्या फिकट राखाडी दिसू लागतात. गाळणीत चमच्याने हलकं दाबून रस काढा. जोरात पिळलं तर पाकळ्यांचे तुकडे उतरतात आणि पेय गढूळ होतं.

तपासणी: पांढऱ्या बशीत चमचाभर अर्क घाला. शाईसारखा गर्द निळा दिसला पाहिजे. फिका वाटला तर उकळत बसू नका. आणखी दहा फुलं घालून पाच मिनिटं झाका. अर्क आत्ताच घट्ट व्हायला हवा, कारण पुढे यात पाणी, बर्फ, पाक सगळं पडणार आहे. फिका अर्क नंतर वाचवता येत नाही.

उकळत ठेवलं तर काय होतं? ही रंगद्रव्यं इतर अनेक फुलांच्या रंगांपेक्षा उष्णता बरी सोसतात, त्यामुळे एकदा उकळी आली म्हणून सगळं गेलं असं नाही. पण बराच वेळ उकळलं की रंगाची चमक जाते आणि पाकळ्यांचा हिरवट, तुरट स्वाद पाण्यात उतरतो. चव एकदा बिघडली की साखरेने झाकत नाही.

## ६. गोडी

पांढरी साखर किंवा खडीसाखर. दोन्ही रंगाला धक्का लावत नाहीत.

गुळाचं आरोग्याच्या दृष्टीने कितीही कौतुक असलं तरी इथे तो घालू नका. त्याचा तपकिरी रंग निळ्यात मिसळला की ग्लास गढूळ दिसतो, आणि गुळाची चव या सौम्य फुलाला गिळून टाकते. मध वेगळ्या कारणाने त्रास देतो: तो नैसर्गिकरीत्याच आम्लधर्मी असतो, त्यामुळे चमचाभर मधानेही निळा जांभळ्याकडे सरकतो. मध हवाच असेल तर लिंबाच्या प्रकारात घाला, तिथे रंग बदलणारच असतो. तोही पेय कोमट झाल्यावर.

थंड पेयासाठी पाक आधी करून ठेवा: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम. तारेची गरज नाही. चिमूटभर मीठ घाला, चव खुलते. साखर थेट थंड अर्कात ढवळू नका. ती तळाशी बसते आणि मग शेवटचा घोट नुसता गोड लागतो.

दूध घालून निळं दूध करायचं असेल तर ते इथेच करा आणि लिंबाचा विचार सोडून द्या. दुधात रंग आकाशी निळा राहतो. दूध आणि लिंबू एकत्र आले तर फाटणार, हे वेगळं सांगायला नको; पण मधोमध ‘रंग बदलून दाखवू’ म्हणून दुधाच्या ग्लासात लिंबू पिळणारे दिसतात, म्हणून लिहिलं.

## ७. लिंबू सगळ्यात शेवटी, वाटीतून

नाम अंचन मनाओसाठी थायलंडमध्ये जे लिंबू वापरतात ते आपल्या कागदी लिंबाच्या जातकुळीतलं आहे. त्यामुळे इथे पर्याय शोधायची गरज नाही.

ग्लासात ७५ मिली अर्क, १०० मिली थंड पाणी आणि दोन मोठे चमचे पाक घेऊन ढवळा. लिंबू ग्लासावर थेट पिळू नका. वेगळ्या वाटीत पिळा, बिया काढा आणि लहान चमच्याने घाला:

- चार-पाच थेंबांनी निळा गर्द, जांभळट होतो.
- अर्ध्या चमच्याने स्वच्छ जांभळा.
- एक ते दीड चमच्याने गुलाबीसर, वांगी रंगाकडे.

पाणी जड असेल तर हे प्रमाण वाढतं. चव घेत घेत थांबा. चांगला जांभळा आला की माझ्या मते तिथेच थांबावं. गुलाबीच्या मागे लागून लिंबू वाढवलं की फुलाची उरलीसुरली चव जाते आणि हातात फक्त रंगीत लिंबू सरबत राहतं.

कोकमाचं आगळ चालेल का, असं हमखास विचारलं जातं. आम्लामुळे रंग बदलेल, पण आगळाचा स्वतःचा लाल रंग आणि मीठ दोन्ही वरचढ होतात, मग अंचन घालण्यात अर्थ राहत नाही. चिंच तर नकोच. बाटलीतली लिंबाची गोड शीतपेयं ओतली तर त्यांतल्या आम्लाने रंग लगेच बदलतो, मात्र साखर किती पडते याचा हिशेब राहत नाही.

सावधान: लिंबू जास्त पडलं म्हणून खायचा सोडा घालून रंग निळ्यावर परत आणता येतो. पण चव साबणासारखी होते. पिण्याच्या ग्लासात हा प्रयोग करू नका.

## ८. तीन रंगांचे थर हवे असतील तर

गुलाबी, जांभळा आणि निळा असे थर एकाच ग्लासात दिसतात, त्यात जादू काही नाही. जड खाली, हलकं वर, एवढंच. थर मोडतात ते अर्कही गोड केल्यामुळे.

म्हणून इथे अर्कात साखर अजिबात नको. उंच ग्लासाच्या तळाशी तीन मोठे चमचे पाक आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस मिसळा. मधही इथे चालतो. ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. अर्धवट बर्फ असला तर धार थेट तळाला जाऊन सगळं एक होतं. आता अर्क, पूर्ण गार झालेला, चमच्याच्या पाठीवरून बर्फावर हळूहळू सोडा. गरम अर्क ओतला तर बर्फ वितळतो आणि थर मिनिटभरही टिकत नाहीत.

पाहुण्यांना देताना सांगा की ढवळून प्यायचं. नाही तर पहिले घोट बेचव आणि शेवटचे झोंबणारे.

## ९. साठवण

अर्क काचेच्या बाटलीत, लिंबू आणि साखर न घालता, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. बुडबुडे, चिकटपणा किंवा आंबूस वास आला की ओतून द्या. जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. असे निळे खडे साध्या लिंबू सरबतात टाकले की वितळताना रंग आपोआप बदलत जातो. मुलांच्या वाढदिवसाला इतकं पुरे होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

## फायद्यांबद्दल, आणि कोणी जपून प्यावं

या चहाच्या नावाने वजन घटणं, स्मरणशक्ती, केस, डोळे असं बरंच काही खपवलं जातं. त्यातला मोठा भाग प्राण्यांवरच्या किंवा परीक्षानळीतल्या प्रयोगांवर उभा आहे, आणि अनेकदा ते प्रयोग फुलावर नसून मुळावर झालेले असतात. माणसांवरचा एक अभ्यास बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. १५ निरोगी पुरुषांना साखरेच्या पाण्याबरोबर फुलांचा अर्क दिल्यावर रक्तातली साखर नुसत्या साखरपाण्यापेक्षा कमी चढली. अभ्यास लहान होता, आणि त्यात मोजून घेतलेला अर्क होता, आपला कपभर चहा नव्हे. त्यावरून मधुमेहाचं औषध कमी करणं धोक्याचं आहे.

खात्रीने सांगता येईल असा फायदा साधा आहे. यात कॅफिन नाही, बिनसाखरेचं प्यायलं तर उष्मांक नगण्य आहेत, आणि संध्याकाळी पाचनंतरचा तिसरा दुधाचा चहा किंवा बाटलीतलं रंगीत पेय याच्यामुळे टळत असेल तर तो फरक खरा आहे. अँथोसायनिन प्रकारची रंगद्रव्यं यात आहेत, जशी जांभळात आणि काळ्या द्राक्षांतही असतात.

आता काळजीचा भाग. या वनस्पतीत सायक्लोटाइड नावाचे छोटे प्रथिनासारखे घटक असतात आणि त्यांच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न उभे आहेत. अमेरिकेत २०२१ मध्ये फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी मिळाली; युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांबाबत आक्षेप नोंदवले. युरोपात राहणाऱ्यांनी भारतातून किंवा थायलंडमधून फुलं मागवण्याआधी तिथला चालू नियम पाहून घ्यावा.

- गरोदर असाल, किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर पिऊ नका.
- रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित पिऊ नका.
- शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधीच्या दिवसांत बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.
- शेंगवर्गीय पदार्थांची ॲलर्जी असेल तर सुरुवातच नको, गोकर्ण त्याच कुळातलं आहे.
- पहिल्यांदा पिणाऱ्यांनी एक फिका कप घ्यावा. मळमळ किंवा पोटात मुरडा आला तर सोडून द्यावा.

## उरलेली फुलं आणि निळा भात

गाळलेल्या फुलांत थोडा रंग शिल्लक असतो. दुसऱ्यांदा पाणी घालून त्याचा चहा करू नका, फिका आणि तुरट होतो. ते दुसरं पाणी भाताला वापरा. दक्षिण थायलंडमध्ये ‘खाओ याम’ नावाच्या भाताच्या पदार्थात भात अनेकदा याच फुलाने निळा केलेला असतो.

तांदूळ धुऊन निथळा. गाळलेल्या फुलांवर भाताला लागेल तेवढं गरम पाणी ओता, पाच मिनिटांनी गाळा आणि त्याच पाण्यात भात शिजवा. आंबेमोहोर, इंद्रायणी, साधा कोलम, कुठलाही पांढरा तांदूळ चालतो. हातसडीच्या तपकिरी तांदळावर रंग दिसत नाही. भात मोकळा व्हावा म्हणून शिजताना लिंबाचे थेंब टाकायची सवय असेल तर इथे टाकू नका, दाणे जांभळे होतील. लिंबू ताटात, वाढताना.